माहुलीचा कातळ आणि डायनासोरचा खटला

आसनगावला कसारा लोकलमधून उतरलं की माहुलीचे सुळके दिसतात. आज त्या कातळाची गोष्ट. मी सॉफ्टवेअरवाला, भूगर्भवाला नाही. पण हा विषय मला लॉग फाइल वाचण्यासारखा वाटतो, म्हणून सांगतोय.

माहुली म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोरही त्याच सुमाराला संपले. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या मातीतलं इरिडियम दाखवून सांगितलं, उल्का पडली. दुसरा संशयित आपला दख्खनचा लाव्हा. मग मोठा उद्रेक महाविनाशाच्या आधीचा की नंतरचा?

साक्षीदार सापडले आंध्रात, राजमहेंद्रीला. सह्याद्रीकडून निघालेला लाव्हा जवळपास हजार किलोमीटर वाहत तिथे पोचला, असं अनेक भूवैज्ञानिक मानतात. तिथल्या खाणींत लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्राचा गाळ दिसतो आणि त्यात असतात फोरॅमिनिफेरा. एकपेशीय जीव, चुन्याचं कवच, आकार वाळूच्या कणाएवढा. यांच्या तरंगत्या जाती समुद्रभर पसरतात आणि भराभर बदलतात. त्यामुळे कुठली जात सापडली, त्यावरून थराचा काळ कळतो. सरळ टाइमस्टॅम्पच!

गर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं, की या गाळात महाविनाशानंतर लगेच आलेल्या चिमुकल्या जाती आहेत. म्हणजे खालचा लाव्हा त्याआधीचा, वरचा नंतरचा. त्यांच्या मते दख्खनचा सगळ्यात मोठा उद्रेक महाविनाशाच्या सुमारास संपला.

पण खटला संपला नाही. २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी लाव्हाची वयं छापली, एकाने आर्गॉनवरून, दुसऱ्याने युरेनियम-शिशावरून. उद्रेक उल्केआधी सुरू झाला आणि नंतरही चालला, यावर दोघांचं एकमत. आधी किती आणि नंतर किती, यावर मात्र नाही.

हीच कवचं तापमानही सांगतात. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन जास्त बसतो. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी याच युक्तीने हिमयुगांतल्या समुद्राचं तापमान काढलं. महाविनाशाच्या काही लाख वर्षं आधी समुद्र काही अंशांनी तापला होता, हेही अशाच कवचांतून कळलं. त्या उष्म्याचा संशय दख्खनच्या लाव्हातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडवर आहे. तोच वायू आज आपण सोडतोय, आणि कितीतरी वेगाने. म्हणून हा खटला फक्त डायनासोरचा नाही.

तुमचा संशय कोणावर, उल्केवर की लाव्हावर? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!