धावणारे धन्वंतरी : डॉ. जॉर्ज शीहन

गावाच्या इतिहासात मंदिरे, शाळा, पेढ्या आणि धर्मशाळा यांची नोंद आवर्जून होते. डॉक्टरांची मात्र क्वचितच. रात्री-अपरात्री दारी आलेला डॉक्टर त्या घराच्या आठवणीत राहतो आणि ती पिढी सरली की आठवणही सरते. अमेरिकेतील रेड बँक या लहानशा गावचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. जॉर्ज शीहन यास अपवाद ठरले. पालघर-बोईसरहून जशी माणसे पहाटेची गाडी धरून मुंबईस जातात, तशीच या गावातील माणसे न्यूयॉर्कला जातात. समुद्र जवळ, महानगर हाकेच्या अंतरावर आणि गावात प्रत्येकाला ओळखणारा डॉक्टर, हे चित्र आपल्या वाचकांना परके वाटू नये.

डॉ. शीहन यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1918 रोजी ब्रुकलिन येथे झाला. वडीलही डॉक्टर. चौदा भावंडांत हे थोरले. महाविद्यालयात असताना ते नामांकित धावपटू होते. पुढे वैद्यकीय शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात नौदलातील सेवा, विवाह, बारा अपत्ये आणि वाढता व्यवसाय यांत धावणे सुटले ते सुटलेच. ही कथा आपल्याकडील कोणत्याही कर्त्या माणसाची आहे!

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पुन्हा धावावयास आरंभ केला, तोही स्वतःच्या परसात. सव्वीस फेऱ्या झाल्या की एक मैल पुरा होई. त्या काळी भर वस्तीत प्रौढ माणूस अर्ध्या चड्डीत धावताना दिसला तर लोक थांबून पाहत. पुढे धीर येऊन ते दुपारच्या सुट्टीत नदीकाठच्या रस्त्याने धावू लागले. पाच वर्षांनी, आपल्याकडे तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू होण्याच्या सुमारास, पन्नाशीतील या डॉक्टरांनी एक मैलाचे अंतर 4 मिनिटे 47 सेकंदांत पार केले. पन्नाशीच्या माणसाने पाच मिनिटांच्या आत मैल धावण्याची जगातील ती पहिलीच नोंद मानली जाते. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन सुमारे तीन तासांत पूर्ण केली.

तथापि विक्रमांपेक्षा त्यांचे लेखन अधिक मोलाचे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. स्थानिक वृत्तपत्रात त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे साप्ताहिक स्तंभ चालविला. गुडघा दुखतो तर दोष पावलाच्या ठेवणीत आहे का ते पाहावे, अशा साध्या व्यावहारिक सल्ल्याशेजारी जगण्याविषयीचे चिंतनही त्यात असे. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे 'रनिंग अँड बीइंग' हे पुस्तक अमेरिकेत घरोघरी पोहोचले आणि सामान्य गृहस्थ रस्त्यावर धावू लागला. आपल्याकडे बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले होते खरे. पण गृहस्थाश्रमी माणसाने धावावे ही कल्पना महाराष्ट्रात रुजण्यास फार काळ लागला. मुंबईची मोठी मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली.

मग धावणाऱ्यास मरण शिवत नाही काय? हा प्रश्न 1984 मध्ये सर्वत्र विचारला गेला. धावण्याचे दुसरे ख्यातनाम प्रचारक जिम फिक्स त्या वर्षी धावतानाच हृदयविकाराने गेले, अवघ्या बावन्नाव्या वर्षी. दोनच वर्षांनी खुद्द डॉ. शीहन यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले आणि तो हाडांपर्यंत पोहोचला होता. आयुष्यभर इतरांना निदान सांगणाऱ्याने स्वतःचे निदान ऐकावे, हा प्रसंग कठीणच. त्यांनी तो लपविला नाही. धावणे चालू ठेवले; वेग मंदावत गेला, मागून येणारे पुढे जाऊ लागले, आणि त्याच स्तंभातून ते हे सारे आपल्या वाचकांस सांगत राहिले. डॉक्टर आणि रुग्ण या दोन्ही बाजूंनी पाहिलेले असे लेखन दुर्मीळच म्हणावे लागेल.

1 नोव्हेंबर 1993 रोजी, पंचाहत्तरी पूर्ण होण्यास चार दिवस उरले असता, समुद्रकाठच्या ओशन ग्रोव्ह येथील घरी त्यांचे देहावसान झाले. अखेरच्या आजारातील लेखन 1996 मध्ये ग्रंथरूपाने आले. रेड बँकच्या रस्त्यांवर त्यांच्या नावाची शर्यतही पुढे भरू लागली.