उजव्या हाताची दिशा

नीरेच्या काठी वाहत्या धारेकडे तोंड करून उभे राहिले, की डाव्या हाताला बारामती आणि इंदापूर येतात, उजव्या हाताला फलटण आणि माळशिरस. १८८० च्या दशकातला नीरा डावा कालवा आणि विसाव्या शतकातला उजवा कालवा यांची नावे याच रीतीने पडली. नदी एकंदरीने पूर्वेकडे वाहते. म्हणून येथे डावे ते उत्तर, उजवे ते दक्षिण.

आपल्या पूर्वजांनी दिशांची नावे ठेवली तीही अशीच, उगवत्या सूर्याकडे तोंड करून. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची ('पश्चात' हा शब्द तिच्याच कुळातला) आणि दक्षिण म्हणजे उजवी. उत्तरेला मात्र डावीचे नाव न मिळता 'अधिक उंच' असे मिळाले. 'दक्षिण'चे प्राकृतात 'दक्खिण' झाले आणि त्यातून आपल्या साऱ्या पठाराला 'दख्खन' हे नाव लाभले. शेतकऱ्याच्या तोंडी अजून उगवती आणि मावळती हे शब्द आहेत.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य कॅथलिक होते. पोलिश भाषेतही पूर्व म्हणजे सूर्याचे उगवणे आणि पश्चिम म्हणजे मावळणे. पण दक्षिणेला तेथे 'मध्यान्ह' म्हणतात, उत्तरेला 'मध्यरात्र'. कारण त्या देशात माध्यान्हीचा सूर्य बाराही महिने दक्षिणेकडेच असतो. बारामतीत तसे नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कलतो. दुपारच्या भरवशावर दक्षिण शोधणारा येथे चुकला असता. उजवा हात मात्र कोणत्याही ऋतूत जागा सोडत नाही.

आणि हा हात स्लाव्ह लोकांनाही परका नाही. क्रोएशियन भाषेत उजवीकडे म्हणजे 'देस्नो'. हा शब्द 'दक्षिण'चा सख्खा भाऊ. प्रभू येशू पित्याच्या उजवीकडे बसला आहे, असे आपण विश्वासांगीकारात म्हणतो. प्राचीन स्लाव्ह उपासनाभाषेतील विश्वासांगीकारात त्या ठिकाणी याच धातूचा शब्द आहे. एकाच मुळातून आपल्याकडे दिशा झाली, त्यांच्याकडे हातच राहिला.

आज शाळेतला नकाशा उत्तरेला वर ठेवतो, म्हणून मुलाच्या उजव्या हाताला पूर्व येते. आजोबांच्या उजव्या हाताला दक्षिण होती. दोघांचेही बरोबर आहे. खरेदीखतातल्या चतुःसीमेत पूर्व-पश्चिम स्पष्ट लिहिलेली असते. पण वडीलधाऱ्यांनी तोंडी सांगितलेली 'उजवीकडची ताल' कोणती, यावरून भावाभावांत अबोला धरण्यापूर्वी एवढेच विचारावे: सांगताना त्यांचे तोंड कोणीकडे होते?