समुद्राखालचा पाईप आणि खर्चाची वाटी

दिघीच्या जेट्टीवर उभं राहिलं की राजपुरीची खाडी दिसते, जंजिरा दिसतो आणि पलीकडे नुसता समुद्र. याच रायगड जिल्ह्यात, उत्तरेला उरणजवळ, समुद्राखालून तेलाचा पाईप किनाऱ्यावर येतो. आज त्याची गोष्ट.

1974 मध्ये 'सागर सम्राट'नं बॉम्बे हायला तेल शोधलं. 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, पण तेल टँकरनं आणावं लागायचं. 1978 मध्ये उरणपर्यंत सुमारे 200 किलोमीटरची पाईपलाईन झाली.

आता विचार करा, पाईप केवढा घ्यायचा? प्रवाह तेवढाच ठेवून व्यास दुप्पट केला, तर घर्षणात जाणारा दाब साधारण 32 पट कमी होतो. मग मोठाच घ्या ना! पण पोलाद वाढतं, वेल्डिंग वाढतं, वरचं काँक्रीटचं आवरणही वाढतं. लहान घेतला, तर पंपाचा खर्च वर्षानुवर्षं चालू. दोन्हींची बेरीज आलेखावर वाटीसारखी दिसते. वाटीचा तळ सापडला की झालं ऑप्टिमायझेशन!

तळ कम्प्युटर शोधतो. पण खर्चात काय काय धरायचं, ते माणूस ठरवतो. तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरपर्यंत होड्यांना जाता येत नाही. कोळ्यांचं ते नुकसान समीकरणात लिहिलंच नाही, तर उत्तरात ते शून्य धरलं जातं. गणित बरोबर येतं, हिशोब मात्र अपुरा राहतो.

म्हणून कुणी 'हाच सगळ्यात स्वस्त मार्ग' म्हणालं, तर एवढंच विचारा: खर्चात काय काय धरलंय?

भेटू पुढच्या भागात!