हिरव्या गोळीची गोष्ट

गेल्या शनिवारी जालन्याला घरी गेलो होतो. काकांच्या औषधांच्या डब्यात रक्त पातळ करायच्या गोळ्यांशेजारी ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल दिसली. "काका, ही कशाला?" तर म्हणाले, "अरे, हृदयाला चांगली असते." पुण्याला आल्यावर या 'चांगली असते'चा इतिहास शोधत बसलो.

१९२२ साली बर्कलेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना हे जीवनसत्त्व सापडलं ते उंदरांच्या गर्भधारणेवर काम करताना. हृदयाचा संबंध जोडला कॅनडातल्या ओंटारिओच्या शूट बंधूंनी, १९४६ मध्ये. त्यांच्याकडे रुग्णांचे अनुभव होते, पण तुलनेला दुसरा गट नव्हता.

पुढे प्रयोगशाळेत दिसलं, की या जीवनसत्त्वामुळे प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणाऱ्या बिंबिका, कमी चिकटतात. हार्ट अटॅक बहुतेकदा गुठळीनंच येतो. झालं, हिशेब जुळला! १९९३ मध्ये हार्वर्डच्या दोन पाहण्यांतही गोळी घेणाऱ्यांना हृदयविकार कमी आढळला. पण असा माणूस व्यायामही करत असतो, सिगारेटही टाळत असतो. मग श्रेय कोणाला?

उत्तर मिळालं २००० साली, तेही ओंटारिओतूनच. मूळचे केरळचे डॉ. सलीम युसुफ यांच्या 'होप' चाचणीत धोका जास्त असलेल्या ९,५४१ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला रोज ४०० युनिट ई, दुसऱ्याला दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. सरासरी साडेचार वर्षांनी हृदयविकारात फरक काहीच नाही. २००५ च्या पुढच्या अहवालात तर ई घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअर थोडं जास्तच निघालं.

आमच्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट पास, प्रॉडक्शनमध्ये फेल. बरं, प्लेटलेटचं म्हणणं खोटंही नव्हतं. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत शिरांमधल्या गुठळ्या कमी झालेल्या दिसल्या (२००७). पण पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीत मेंदूतला रक्तस्राव वाढलेला दिसला (२००८). आणि आमचे काका आधीच रक्त पातळ करायची गोळी घेतात! दोन्ही एकाच दिशेला ओढणार.

गंमत म्हणजे आमच्या मराठवाड्याच्या करडईत, सरकीच्या तेलात हे जीवनसत्त्व भरपूर. जेवणातून मिळतं तेवढ्यात बहुतेकांचं भागतं.

असो. काल काकांना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाले, "बरं, सोमवारी डॉक्टरांना डबाच नेऊन दाखवतो." तुम्हीही घरच्या डब्यात एकदा डोकावून बघा.