जुन्या ऑनलाइन खेळांचे जतन आणि लिनक्स : ‘वाईन’ प्रकल्पाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

इतिहासाच्या अभ्यासात साधनांचे जतन हा मूलभूत प्रश्न मानला जातो. शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दप्तरे यांच्या जतनाविषयी विपुल लेखन झाले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र साधनांचा एक निराळा वर्ग अस्तित्वात आला. संगणकाची आज्ञावली नुसती सांभाळून ठेवल्याने अभ्यासता येत नाही. ती चालवावी लागते. मोडी लिपीतील कागद शाबूत असला, तरी मोडी जाणणारा माणूस नसेल तर तो कागद मुकाच राहतो. आज्ञावलीच्या बाबतीत हे जाणकाराचे काम मूळ कार्यप्रणाली आणि मूळ प्रोसेसर करीत असतात. या दोन्ही गोष्टी कालबाह्य होतात, तेव्हा तबकडीवरील आज्ञावली सुरक्षित असूनही निरुपयोगी ठरते. ऑनलाइन खेळाच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. त्याचा निम्मा भाग खेळाडूच्या संगणकावर, तर उरलेला कंपनीच्या सर्व्हरवर असतो.

विंडोजसाठी तयार झालेले जुने ऑनलाइन खेळ लिनक्सवर आणि अल्पशक्तीच्या उपकरणांवर चालविण्याचे जे प्रयत्न गेल्या तीन दशकांत झाले, त्यांचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) ‘वाईन’ प्रकल्पाच्या वाटचालीचा मागोवा घेणे.
२) ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आणि ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळांच्या आधारे जतनातील तांत्रिक व कायदेशीर अडचणी स्पष्ट करणे.
३) अशा खेळांच्या जतनाचा अधिकार कोणाकडे असावा, या प्रश्नाचा विचार करणे.

‘वाईन’ची निर्मिती आणि कार्यपद्धती :

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, विंडोज ३.१ च्या आज्ञावली लिनक्सवर चालाव्यात या हेतूने ‘वाईन’ प्रकल्पाला सुरुवात झाली. आरंभी बॉब अ‍ॅमस्टॅड्ट यांनी त्याचे समन्वयन केले. १९९४ पासून ही जबाबदारी अलेक्सांद्र ज्युलियार यांच्याकडे आली. प्रकल्पाची १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांनी प्रसिद्ध झाली. या दीर्घ कालावधीवरून कामाच्या व्याप्तीची कल्पना येते.

‘वाईन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर’ असा या नावाचा विस्तार केला जातो. तो शब्दखेळ असला तरी त्यात कार्यपद्धतीचे मर्म आहे. विंडोजच्या कोणत्याही आज्ञावलीत दोन प्रकारच्या सूचना असतात. गणिती व तार्किक सूचना थेट प्रोसेसर पार पाडतो. फाइल उघडणे, खिडकी रेखाटणे, आवाज काढणे यांसारख्या कामांसाठी मात्र कार्यप्रणालीकडे विनंती करावी लागते. सर्वसाधारण पीसीवर लिनक्स असो वा विंडोज, प्रोसेसर एकाच घराण्याचा असतो. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या सूचना जशाच्या तशा चालतात. दुसऱ्या प्रकारच्या विनंत्यांना ‘वाईन’ विंडोजच्या वतीने उत्तर देते. शिवकालीन वा पेशवेकालीन दरबारातील दुभाष्याप्रमाणे ते दोन पक्षांमध्ये उभे असते. कोणाचेही सोंग न घेता ते एकाचे मागणे दुसऱ्याच्या भाषेत पोहोचविते.

हे साधण्यासाठी विंडोजमधील शेकडो ग्रंथालये नव्याने लिहावी लागली. मायक्रोसॉफ्टचा सोर्स कोड पाहिलेल्या व्यक्तीचे योगदान स्वीकारायचे नाही, असा नियम प्रकल्पाने कायदेशीर सावधगिरी म्हणून पाळला. बाहेरून दिसणाऱ्या वर्तनावरून आतील रचना पुन्हा उभी करण्याची ही पद्धत इतिहासकाराच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे.

परवान्याचा वाद :

प्रारंभी ‘वाईन’ची संहिता कोणालाही घेऊन त्यात बदल करता येत असे आणि ते बदल परत देण्याचे बंधन नव्हते. या मुभेचा लाभ घेऊन ट्रान्सगेमिंग या कंपनीने खेळांवर भर देणारे ‘वाईनएक्स’ हे उत्पादन २००१ मध्ये आणले. २००४ मध्ये त्याचे नाव ‘सेडेगा’ असे झाले. कंपनीने केलेल्या सर्व सुधारणा मूळ प्रकल्पाला मिळत नसल्याने असंतोष वाढला. मार्च २००२ मध्ये ‘वाईन’ने एलजीपीएल हा परवाना स्वीकारला. त्यामुळे संहितेत बदल करून ती वितरित करणाऱ्यास ते बदल खुले करणे बंधनकारक झाले. या निर्णयाचे दूरगामी परिणाम दिसून येतात. व्हाल्व्ह कंपनीने कोडवीव्हर्सच्या साहाय्याने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘वाईन’वर आधारित ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केले, तेही खुल्या संहितेसह. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आलेला ‘स्टीम डेक’ हा हातातील संगणक लिनक्सवर चालतो आणि विंडोजचे खेळ ‘प्रोटॉन’द्वारे चालवितो.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे उदाहरण :

ब्लिझर्ड कंपनीचा हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर पोहोचली. हा खेळ विंडोज आणि मॅक या दोहोंसाठी एकाच वेळी आला होता. त्यामुळे चित्र रेखाटण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीखेरीज ओपनजीएल या खुल्या मानकाचाही मार्ग त्यात उपलब्ध होता. लिनक्सच्या वापरकर्त्यांनी एका साध्या मांडणी-फाइलमध्ये बदल करून हा मार्ग निवडला. परिणामी डायरेक्टथ्रीडीच्या भाषांतराचा भार टळला. मॅकसाठी घेतलेला निर्णय असा लिनक्सच्या उपयोगी पडला.

तथापि तांत्रिक यश पुरेसे नव्हते. फसवणूक रोखण्यासाठी या खेळात ‘वॉर्डन’ नावाची पहारेकरी आज्ञावली होती. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘सेडेगा’ वापरणाऱ्या काही खेळाडूंची खाती बंद करण्यात आली. चौकशीअंती ती पुन्हा सुरू झाली. या प्रसंगातून एक महत्त्वाचा मुद्दा पुढे आला. पहारेकऱ्याच्या दृष्टीने अपरिचित आणि अप्रामाणिक यांत फरक करणे कठीण असते. हा पेच अद्याप सुटलेला नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ या खेळाने २०२४ मध्ये फसवणुकीचेच कारण देऊन लिनक्सचा पाठिंबा काढून घेतला.

अल्पशक्तीची उपकरणे :

फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा ३५ डॉलर किमतीचा संगणक विक्रीस आला. त्याचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, तर स्मृती २५६ मेगाबाइट होती. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची २००४ मधील किमान अपेक्षा ८०० मेगाहर्ट्झ आणि २५६ मेगाबाइट अशी होती. वरवर पाहता हे आकडे जवळजवळ जुळतात. प्रत्यक्षात मात्र एआरएम आणि इंटेल या प्रोसेसरांच्या सूचना परस्परांना कळत नाहीत. येथे एकट्या ‘वाईन’चा उपयोग होत नाही, प्रत्येक सूचनेचेही भाषांतर करावे लागते. शिवाय त्या काळच्या एआरएम प्रोसेसरचे प्रत्येक स्पंदनातील काम कमी असे. म्हणून आकड्यांतील साम्य फसवे होते.

फाब्रिस बेलार्ड यांच्या ‘क्यूईएमयू’ने २००३ पासून सूचनांच्या भाषांतराची सोय केली होती, परंतु त्याचा वेग खेळांना पुरेसा नव्हता. पुढे आलेल्या ‘बॉक्स८६’ आणि ‘बॉक्स६४’ या प्रकल्पांनी निराळी वाट धरली. खेळाच्या सूचनांचे ते भाषांतर करतात. पण चित्र, ध्वनी इत्यादींसाठी उपकरणावरील मूळ ग्रंथालयेच थेट वापरतात. खेळाखाली ‘वाईन’, त्याखाली ‘बॉक्स८६’ आणि तळाशी उपकरणाची स्वतःची ग्रंथालये, अशी ही उतरंड असते. जून २०१९ मध्ये आलेल्या ‘रास्पबेरी पाय ४’सारख्या अधिक सक्षम उपकरणांमुळे ही उतरंड जुन्या खेळांचे वजन पेलू लागली.

सर्व्हर आणि अधिकाराचा प्रश्न :

खेळाडूच्या बाजूचा प्रश्न अशा प्रकारे बऱ्याच अंशी सुटला. सर्व्हरचा प्रश्न मात्र मूलतः अधिकाराचा आहे. एप्रिल २००४ मध्ये सुरू झालेला ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ एनसीसॉफ्ट कंपनीने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. त्याची विंडोज आवृत्ती हजारो संगणकांवर शाबूत होती. परंतु जोडण्यासाठी सर्व्हर उरला नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये सर्व्हरची संहिता चाहत्यांमध्ये गुप्तपणे जपली गेल्याचे उघड झाले आणि खेळ अनधिकृतपणे पुन्हा सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये ‘होमकमिंग’ या चाहत्यांच्या गटाला कंपनीने अधिकृत परवाना दिला.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या मूळ रूपाचेही असेच झाले. नव्या आवृत्त्यांमुळे २००४ चे जग लुप्त झाले होते. ते पुन्हा उभारणारा ‘नोस्टालरियस’ हा अनधिकृत सर्व्हर कायदेशीर नोटिशीनंतर एप्रिल २०१६ मध्ये बंद पडला. मात्र चाहत्यांची मागणी कायम राहिली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच ‘क्लासिक’ आवृत्ती आणली. जुनी माहिती नव्या यंत्रणेवर बसवून ती तयार करण्यात आली.

कायद्याची भूमिका संमिश्र राहिली आहे. बॅटलनेटला पर्यायी सर्व्हर निर्माण करणाऱ्या ‘बीनेटडी’ प्रकल्पाविरुद्ध २००५ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने ब्लिझर्डच्या बाजूने निकाल दिला. गुगल विरुद्ध ओरॅकल या खटल्यात मात्र २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने जावाच्या जोडणी-रचनेचा गुगलने केलेला पुनर्वापर न्याय्य ठरविला. २०१८ मध्ये ग्रंथालये व संग्रहालयांना बंद पडलेल्या ऑनलाइन खेळांच्या जतनासाठी सवलत देण्यात आली. परंतु सर्व्हरची संहिता कायदेशीररीत्या मिळालेली असावी आणि खेळ संस्थेच्या आवारातच चालवावा, अशा तिच्या अटी होत्या.

निष्कर्ष :

१) कार्यप्रणाली आणि प्रोसेसर यांच्या भिन्नतेमुळे येणारे अडथळे खुल्या संहितेच्या सामूहिक प्रयत्नांनी पुष्कळ अंशी दूर झाले आहेत.
२) मूळ निर्मात्यांनी खुली मानके स्वीकारली असल्यास जतन सुकर होते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील ओपनजीएल हे त्याचे उदाहरण आहे.
३) सर्व्हरची संहिता उपलब्ध नसल्यास खेळाडूच्या बाजूचे जतन अपुरे राहते. येथे तंत्रज्ञानापेक्षा मालकीचा अडथळा मोठा आहे.
४) जतनाचे बरेचसे कार्य आजवर औपचारिक संस्थांबाहेरील हौशी मंडळींनी, कित्येकदा कायद्याच्या सीमारेषेवर राहून केले आहे.

लाखो माणसांनी ज्या जगात वर्षानुवर्षे मैत्री, व्यापार आणि संघर्ष केला, ते जग एका व्यावसायिक निर्णयासरशी नाहीसे होऊ शकते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीचे समाजजीवन अभ्यासू पाहणाऱ्या उद्याच्या संशोधकाला ही साधने उपलब्ध असावीत, असे वाटत असेल, तर ग्रंथालये, अभिलेखागारे आणि विद्यापीठे यांनी या क्षेत्रातील आपली जबाबदारी वेळीच ओळखणे अगत्याचे आहे.