डब्यातली तुळस : एका पात्राचा दुसरा जन्म

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, बखरी येतात, फार तर जमाखर्चाच्या वह्या येतात. गंजून कड फुटलेला रॉकेलचा डबा हे इतिहासाचे साधन मानायला सहसा कोणी तयार होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही नेमक्या त्याच डब्याकडे वळणार आहोत. मात्र त्यात रॉकेल असतानाचा डबा हा आमचा विषय नव्हे. रॉकेल संपल्यावर ज्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली गेली, ज्यात माती भरून तुळशीचे रोप लावले गेले, तो डबा आमचा विषय आहे. घरातल्या रिकाम्या पात्राची कुंडी करणे याला आज आपण ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतो. आमचे म्हणणे असे की, ही रीत जेव्हा मुंबईच्या चाळींत रुजली तेव्हा तो डबा टाकाऊ नव्हताच. हे ध्यानात घेतले नाही, तर त्या डब्यात काय लावले गेले आणि ते लावण्याआधी काय हातचे गेले होते, हे दोन्ही निसटते.

साहित्याच्या अभ्यासकाला सोयीचा म्हणून आरंभ शब्दांपासून करू. ‘रॉकेल’ हा शब्द इंग्रजी ‘रॉक ऑइल’वरून आला, ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’वरून. घरातल्या पात्रांची नावे पाहिली तर ‘बादली’, ‘घमेले’, ‘पिंप’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. आज हे शब्द उच्चारताना परकेपणाची जाणीव कोणालाही होत नाही, कारण वापराने ते आपले झाले. डब्याचेही तसेच झाले. फरक एवढाच की, शब्दाच्या देशीकरणाची नोंद कोशात होते. डब्याच्या देशीकरणाची नोंद ठेवणारा कोश नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन रॉकेल आशियाच्या बंदरांत येऊ लागले ते चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून. एका लाकडी खोक्यात असे दोन डबे असत आणि एका डब्यात सुमारे १८ लिटर तेल मावे. ऑगस्ट १८९२ मध्ये मार्कस सॅम्युएल या लंडनच्या व्यापाऱ्याची ‘म्युरेक्स’ ही तेलवाहू नौका रशियन रॉकेल टाक्यांत भरून, म्हणजे डब्यांवाचून, सुएझ कालव्यातून पूर्वेकडे निघाली. हिशेब सरळ होता : डब्याचा खर्च वाचला की तेल स्वस्त पडणार आणि गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन येणार. तेलाच्या व्यापाराचे इतिहासकार सांगतात की गिऱ्हाईक भांडे घेऊन आलेच नाही. आशियाई घरांना तेलाइतकाच डबाही हवा होता. स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या निळ्या डब्यांचे पत्रे छपरांवर चढले होते, त्यांतून लहानमोठी भांडी घडत होती. अखेर सॅम्युएलला पूर्वेतच डबे बनवण्याची सोय करावी लागली आणि त्याचे लाल डबे बाजारात आले. जगातल्या बलाढ्य व्यापारालाही रिकाम्या डब्याची किंमत मान्य करावी लागली, ती अशी. गिऱ्हाईक डब्याचे पैसे मोजून तो घरी आणत होते. तेव्हा त्याचा दुसरा जन्म हा योगायोग नव्हता, तो खरेदीतच गृहीत होता.

आपल्याकडे या डब्याने काय काय केले नाही? आडवी दांडी ठोकून त्याची पाणी भरायची बादली झाली, झाकण बसवून धान्याचे कोठार झाले, उलगडून झोपडीची भिंत झाली. यातून उरला, किंवा यापैकी एखादे काम करून थकला, की तो गॅलरीत जाई आणि कुंडी होई.

तो कुंडीच का झाला, हे समजण्यासाठी चाळीकडे पाहिले पाहिजे. गिरण्यांसाठी कोकणातून आणि घाटावरून मुंबईत आलेल्या माणसाच्या गावच्या घराला अंगण होते. निदान दारापुढे सारवलेली चार हात जमीन होती. तुळस त्या जमिनीत किंवा तिच्यावर बांधलेल्या वृंदावनात असे. चाळीतल्या खोलीला जमीनच नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, पुढे १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून बी.डी.डी.च्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. या चाळींत मधून बोळ आणि दोन्ही बाजूंस खोल्या अशी रचना असल्याने उजेडाची जागा म्हणजे खिडकी. खाजगी चाळींत निदान सामाईक गॅलरी होती, तिचा कठडा होता. तुळशीला ऊन हवे, तेव्हा तिची जागा खिडकीत किंवा कठड्यापाशी. तेथे दगडी वृंदावन नेता येत नाही. हलका, चौकोनी, भिंतीला लगटून बसणारा डबा मात्र नेता येतो. चौकोनी वृंदावनाची आठवण त्या आकारात आपोआप सामावली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. डब्याची तुळस म्हणजे हरवलेल्या अंगणाचा उचलून आणलेला तुकडा होय.

या स्थलांतरात एक बारीक प्रश्न दडलेला होता. तेलाच्या डब्यात पवित्र तुळस कशी ठेवायची? त्याचे उत्तर कोणा शास्त्र्याने दिले नाही, ते घरातल्या बायकांच्या हातांनी दिले. राखेने आणि सोड्याने डबा घासायचा, धारदार कड ठोकून आत वळवायची, तळाला भोके पाडून त्यांवर फुटक्या माठाच्या खापऱ्या ठेवायच्या, म्हणजे पाणी निचरते आणि माती वाहून जात नाही. बाहेरून गेरूचा हात द्यायचा. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला त्याच डब्यावर ‘राधादामोदर प्रसन्न’ अशी अक्षरे उमटायची, शेजारी ऊस उभा राहायचा, चिंचा-आवळे मातीवर ठेवले जायचे. ज्या पत्र्यावर कंपनीचे नाव होते त्यावर गेरू चढला आणि गेरूवर देवाचे नाव आले. एकाच पृष्ठभागावर एकावर एक चढलेले हे लेख एखाद्या जुन्या पोथीसारखे वाचता यावेत.

सगळीच भांडी काही बागेत गेली नाहीत, हेही पाहण्यासारखे आहे. तांब्या-पितळेचे भांडे चेपले, गळू लागले, तरी ते मोडीत निघे आणि वजनाने पैसे देऊन जाई. कुंडी होणे हे नशिबी आले ते पत्र्याच्या, मातीच्या, चिनी मुलाम्याच्या आणि पुढे प्लॅस्टिकच्या पात्रांना. फुटक्या माठाच्या तळात गवती चहा, कान तुटलेल्या बादलीत कोरफड, टवका उडालेल्या टमरेलात सदाफुली अशी एक उतरंड लागे. डब्याला तीत तुळशीमुळे वरचे स्थान मिळाले. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालड्याच्या डब्याने तर या उतरंडीत गंमतच केली. पिवळ्या पत्र्यावर हिरव्या ताडाचे चित्र असलेला हा डबा. त्यातल्या वनस्पती तुपाला अनेक घरांत देवाच्या नैवेद्यात मज्जाव होता. परंतु ते संपल्यावर डबा मात्र तुळशीचे अधिष्ठान होई. आतला पदार्थ अस्सल की नक्कल हा वाद मातीपाशी संपत असे.

येथवरचे वाचून कोणी गतकाळाचे गोडवे गाऊ लागेल, म्हणून दुसरी बाजूही मांडणे आवश्यक आहे. साचलेले पाणी आणि ताप यांचा संबंध मुंबईला जुना ठाऊक आहे. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी शहरातील हिवतापाच्या कारणांविषयी जो अहवाल दिला, त्याचा रोख विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांवर होता. डेंगीचा डास तर लहान पात्रांतल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात पालिकेची माणसे टायर, डबे, कुंड्यांखालच्या ताटल्या काढायला सांगतात, तेव्हा त्यांचे चुकत नाही. तळाला भोक असलेला, मातीने भरलेला डबा निर्धोक. उलटा न केलेला रिकामा डबा घातक. म्हणजे डब्याचा दुसरा जन्म अर्धवट राहिला तर तो मारक ठरतो. चाळीतली खिळ्याची भोके ही केवळ बागकामाची युक्ती नव्हती, आरोग्याचीही होती.

पुढे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने घरच्या पालापाचोळ्याची माती करण्याचा विचार महाराष्ट्रात रुजवला आणि मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांच्यासारख्यांनी गच्चीवरच्या शेतीत तो वापरला. पिंपे, पिशव्या, तुटके टब यांतून तेथे भाजी पिकली. येथे प्रथमच ‘कचरा’ ही कल्पना मध्यभागी आली. चाळीतल्या बाईपुढे प्रश्न कचऱ्याचा नव्हता, जागेचा होता. गच्चीवरच्या शेतकऱ्यापुढे दोन्ही आहेत. आजच्या दुकानांत जुना दिसावा म्हणून रंगवलेला नवा डबा कुंडी म्हणून विकायला असतो, त्याच्यापुढे मात्र कोणताच प्रश्न नाही. तो कधी भरलेला नव्हता, म्हणून तो रिकामाही झालेला नाही.

आणि आता तो पहिला डबा नाहीसा होत आहे. पत्रा दोन-चार पावसाळ्यांत गंजतो, मातीत मिसळतो. हाच त्याचा गुण आणि हेच त्याचे दुर्दैव. संग्रहालयात त्याला जागा नाही. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. अधिक मोठे घर हा त्यांचा हक्कच आहे, त्याविषयी हळहळणे हा बाहेरच्यांचा चैनीचा उद्योग ठरेल. प्रश्न एवढाच उरतो की खोली रिकामी करताना खिडकीतले काय बरोबर गेले आणि काय मागे राहिले, याची नोंद कोण ठेवणार.

ती साहित्याच्या वाचकाने ठेवावी, असे आम्हांस वाटते. चाळीवरचे मराठी लेखन विपुल आहे, पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ मधील ‘बटाट्याची चाळ’ने तर तिला मराठी मनात कायमची जागा दिली. पण आपण तेथे माणसे वाचतो, वस्तू ओलांडून जातो. वर्गात एखादी चाळीतली कथा शिकवताना तिच्यातली पात्रे कोण, असे आपण विचारतो तेव्हा ‘पात्र’ या शब्दाचा दुसरा अर्थही एकदा विद्यार्थ्यांपुढे ठेवून पाहावा : त्या घरात कोणती भांडी होती, ती आधी कशाने भरलेली होती आणि शेवटी त्यांत काय उगवले? उत्तरे कथेत सापडली नाहीत, तर ती घरच्या आजीला विचारावीत. ज्यांच्या हातांनी तळाला भोके पाडली, ते हात अजून कित्येक घरांत आहेत.