शर्यतीआधीचे तीन आठवडे : हौशी धावपटू आणि विश्रांतीचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर जिन्यातच एका तरुणाने मला गाठलं. बँकेत नोकरी करतो, येत्या जानेवारीत मुंबईला पहिली मॅरेथॉन पळणार आहे. म्हणाला, "सर, शेवटच्या तीन आठवड्यांत नेमकं काय करायचं? ग्रुपमध्ये एक जण म्हणतो अंतर वाढव, दुसरा म्हणतो आता पळूच नकोस. तुम्ही स्वतः पळत होतात, म्हणून विचारतो." मी म्हटलं, अरे, उत्तर दोन मिनिटांचं आहे, पण ते पटायला माणसांना दोन हजार वर्षं लागली. तेव्हा आज ती दोन हजार वर्षं. दोन मिनिटांचं उत्तर ओघात येईलच.

सुरुवात ग्रीसपासून करू, कारण 'शर्यतीआधीचे आठवडे' ही गोष्ट नियमात बसवलेली तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. ऑलिंपियाला उतरणाऱ्या खेळाडूला झ्यूसच्या मूर्तीसमोर शपथ घ्यावी लागे की मी सलग दहा महिने नियमाने सराव केला आहे. आणि स्पर्धेच्या आधीचे तीस दिवस एलिस या गावी, पंचांच्या नजरेखाली काढावे लागत. उशिरा येणाऱ्याला बाहेरचा रस्ता. पॉसेनिअस या प्रवाशाने एक गमतीदार हकिकत लिहून ठेवली आहे. अलेक्झांड्रियाचा अपोलोनिअस नावाचा मुष्टियोद्धा उशिरा पोचला आणि म्हणाला, काय करू, वारा उलटा होता, जहाज बेटांमध्ये अडकलं. चौकशीअंती कळलं की हा गृहस्थ आयोनियात ठिकठिकाणच्या स्पर्धांत पैसे मिळवत फिरत होता! त्याला बाद केलं, आणि वेळेवर आलेल्या हेराक्लिदेसला न लढताच मुकुट दिला. यावर अपोलोनिअस चिडून त्या बिचाऱ्याच्या अंगावर धावून गेला, तो भाग वेगळा.

पण मला आज सांगायची आहे ती दुसरी गोष्ट. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात फिलोस्ट्रॅटस नावाच्या लेखकाने व्यायामशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने त्या काळच्या प्रशिक्षकांवर टीका केली आहे. त्यांनी चार दिवसांचं एक चक्र बसवलं होतं. पहिल्या दिवशी तयारीचा, थोडक्यात पण चपळाईचा व्यायाम. दुसऱ्या दिवशी जीव तोडून. तिसऱ्या दिवशी आराम. चौथ्या दिवशी मध्यम. पुन्हा पहिला. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही का? आजही अनेकांचं वेळापत्रक याहून फार वेगळं नसतं. फिलोस्ट्रॅटसचा आक्षेप चक्राला नाही, ते डोळे झाकून चालवण्याला आहे. गेरेनोस नावाचा एक पहिलवान नेमियाला जिंकला. मित्रांनी मेजवानी दिली, दारू झाली, जागरण झालं. नंतर तो आखाड्यात आला आणि प्रशिक्षकाला म्हणाला, माझी प्रकृती बरी नाही. प्रशिक्षक भडकला. चक्र मोडतं म्हणजे काय? त्याने ठरल्याप्रमाणे व्यायाम करायला लावला, आणि गेरेनोस त्या व्यायामातच गेला. अथेन्सहून एल्युसिसला जाणाऱ्या रस्त्याच्या उजव्या हाताला त्याची कबर होती, असं फिलोस्ट्रॅटस सांगतो.

मी आयुष्यभर ॲरिस्टॉटल शिकवला. 'निकोमेखियन एथिक्स'च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की अतिव्यायाम आणि अल्पव्यायाम दोन्हींनी शक्ती नष्ट होते. विद्यार्थी हे वाक्य लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात, आणि त्यातली अडचण कोणाच्या लक्षात येत नाही. अडचण अशी की मध्य कुठे आहे हे कागदावरच्या चक्रातून कळत नाही. तो ज्याचा त्याचा असतो आणि ज्या त्या दिवसाचा असतो. गेरेनोसच्या प्रशिक्षकाला वेळापत्रक दिसलं, समोरचा माणूस दिसला नाही.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण 'हौशी' हा शब्द तिथे घडतो. ग्रीकांकडे हौशी खेळाडू ही कल्पनाच नव्हती. 'ॲथलीट' म्हणजे बक्षिसासाठी झगडणारा. हौशी ही इंग्लंडची निर्मिती, आणि ती काही फार निर्मळ नव्हती. 1866 साली लंडनमध्ये ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लब निघाला. त्याच्या नियमात पैशासाठी पळणारा तर वगळलाच होता, पण कारागीर आणि मजूर हेही वगळले होते. का? तर अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला आयता सराव मिळतो, तो सभ्य गृहस्थांना भारी पडेल! 1880 साली नवी संघटना आली तेव्हा ही अट गेली. म्हणजे बघा, मुळात हौशी कोण, तर ज्याला पोटासाठी राबावं लागत नाही तो. आज आपण हौशी कोणाला म्हणतो? दिवसभर राबून उरलेल्या वेळात पळतो त्याला. शब्द तोच, माणूस बरोबर उलटा.

आणि हा उलटा माणूस पहिल्याच ऑलिंपिकमध्ये जिंकला. 1896, अथेन्स. स्पिरिडॉन लुईस, मारूसी गावचा पाणी वाहून नेणारा. ग्रीकांनी मॅरेथॉनसाठी आधी निवड-शर्यती घेतल्या होत्या. दुसऱ्या निवड-शर्यतीत लुईस पाचवा आला, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत ऑलिंपिकची खरी शर्यत. म्हणजे पूर्ण अंतर एकदा पळून, थोडा श्वास घेऊन, पुन्हा पूर्ण अंतर. आजचा कोणताही प्रशिक्षक कपाळावर हात मारेल. पण लुईसचं उदाहरण बघून आपल्याकडचा एखादा हौशी म्हणतो, "तो जिंकला ना? मग मीही शेवटच्या आठवड्यात तीस किलोमीटर काढतो." असं म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होतो. त्याकडे येतो.

मध्ये थोडं पुण्याला थांबू. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा 1919 च्या सुमारास सर दोराबजी टाटांनी पाहिल्या. स्पर्धक बरेचसे शेतकरी मुलगे, युरोपियन नियम त्यांना ठाऊक नाहीत. पण सुमारे पंचवीस मैलांची शर्यत हे त्या स्पर्धांचं मुख्य आकर्षण होतं. खडबडीत डोंगराळ वाटांवर अनवाणी पळायची सवय असलेल्या या मुलांनी जी वेळ नोंदवली, ती पाहून दोराबजींना वाटलं की हे युरोपात उभे राहू शकतील. त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला चमू गेला. मॅरेथॉनमध्ये फडेप्पा दरेप्पा चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. आणि लक्षात घ्या, तो मार्ग 42.75 किलोमीटरचा होता, नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षा जास्त. दोराबजींची अपेक्षा अशी होती की इंग्रज प्रशिक्षक आणि चांगला आहार मिळाला तर ही मुलं देशाचं नाव राखतील. अपेक्षा स्वाभाविक होती. पण ज्यांचा सराव म्हणजे रोजचं जगणंच, त्यांना शर्यतीआधी बोटीत बसवून हजारो मैल न्यायचं, बोटीच्या डेकवर माणूस पळणार तो किती? ती सक्तीची विश्रांती त्यांना मानवली की नडली, यावर आपण वाद घालू शकतो. मला वैयक्तिक वाटतं, एकोणिसावा क्रमांक ही कमी लेखण्याची गोष्ट नाही.

विश्रांती उपयोगी पडते हे जगाला कळलं ते मात्र अपघाताने. एमिल झाटोपेक हे नाव तुम्ही ऐकलं असेल. चेकोस्लोव्हाकियाचा सैनिक. कागदोपत्री हौशी, पण सैन्यात असल्याने सरावाला मोकळा, म्हणजे 'हौशी' शब्दाची आणखी एक गंमत. तो 400 मीटरच्या धावा चाळीस-चाळीस वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा मारायचा, मधे फक्त हळू पळणं. 1950 च्या ऑगस्टमध्ये ब्रसेल्सला युरोपियन स्पर्धा होत्या. त्याआधी त्याने सरावाचा कळस केला आणि नेमका खराब मांस खाऊन विषबाधेने इस्पितळात पडला. शर्यतीच्या जेमतेम तोंडावर तिथून सुटला. सगळ्यांनी त्याच्यावर पाणी सोडलं होतं. त्याने 10,000 मीटर मिनिटाहून अधिक फरकाने जिंकली आणि 5,000 मीटर वीसहून अधिक सेकंदांनी! पुढे शास्त्रज्ञांनी यालाच झाटोपेकचं नाव दिलं. पण स्वतःहून असं दोन आठवडे पडून राहायची झाटोपेकची काय, कोणाचीच हिंमत झाली नसती. त्यासाठी विषबाधा व्हावी लागली.

ती हिंमत कोणी केली हे पाहायचं तर 1954 कडे जाऊ. रॉजर बॅनिस्टर. मैलाची शर्यत म्हणजे मॅरेथॉन नव्हे, हे मान्य. पण हौशी माणसाच्या शेवटच्या आठवड्यांचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात वैद्यकीचा विद्यार्थी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सराव. ठरलेला सराव म्हणजे दहा वेळा पाव मैल, मधे दोन मिनिटं. हिवाळ्यात सुरुवात केली तेव्हा प्रत्येक पाव मैलाला 66 सेकंद लागत, एप्रिलपर्यंत 61 वर आले, आणि तिथेच अडकले. हवे होते 60. आता तुम्ही-मी काय केलं असतं? आणखी जोर लावला असता. बॅनिस्टर आणि त्याचा मित्र ख्रिस ब्रॅशर गाडीत बसून स्कॉटलंडला डोंगर चढायला निघून गेले. तीन दिवस पळणं नाही, कड्यांवर चढाई. पाय मुरगळला असता तर सगळं संपलं असतं. परत आले, पुन्हा मैदानावर गेले, आणि 59 सेकंद.

पुढे शर्यतीआधीचे पाच दिवस त्याने पूर्ण विश्रांती घेतली. आदल्या दिवशी इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर घसरून पडला आणि दिवसभर लंगडत होता. 6 मे च्या सकाळी प्रयोगशाळेतल्या सहाणेवर बुटांचे खिळे घासले आणि पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डची गाडी पकडली. संध्याकाळी 3 मिनिटं 59.4 सेकंद. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस.

या पाच दिवसांबद्दल मी खूप विचार केला आहे. सराव चालू असतो तेव्हा रोज पुरावा मिळतो, घड्याळ सांगतं तू तयार आहेस. सराव थांबला की पुरावा थांबतो. शरीर आतून दुरुस्त होत असतं, स्नायूंतल्या बारीक जखमा भरत असतात, साखरेचा साठा भरत असतो, पण ते दिसत नाही. उलट पाय जड वाटतात, घसा खवखवल्यासारखा होतो, वाटतं सगळं गेलं. म्हणजे माणसाला ज्ञान असूनही खात्री नसते. तत्त्वज्ञानात आम्ही ज्ञान आणि खात्री यांतल्या फरकावर पानं भरतो. धावपटूला तो फरक मांडीत जाणवतो.

मी मुंबईला पूर्ण मॅरेथॉन पळालो तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. हे सगळं वाचलेलं होतं. तरी दहा दिवस आधी पहाटे उठलो आणि गुपचूप तीस किलोमीटर पळून आलो. पत्नीने दार उघडलं आणि विचारलं, "कोणाला दाखवायला?" मी काहीच बोललो नाही. शर्यतीच्या दिवशी पेडर रोडचा चढ आला आणि पाय संपले. पुढचं अंतर चालत. बाजूने हातगाडीवाला जावा तसा एक माझ्याहून वयस्कर माणूस निवांत पळत पुढे गेला.

पण याचा अर्थ पूर्ण थांबणं असाही नाही. रॉन हिल हा इंग्रज धावपटू वस्त्ररसायनात डॉक्टरेट मिळवलेला, पूर्णवेळ नोकरी करणारा, कामावर जाता-येता पळणारा. 1964 च्या डिसेंबरपासून 2017 च्या जानेवारीपर्यंत एकही दिवस त्याने पळणं चुकवलं नाही, मग ते एखाद्या मैलाचं का असेना. आणि तरीही शेवटच्या आठवड्याचा विचार त्याच्याइतका बारकाईने फार थोड्यांनी केला. 1960 च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की आधी स्नायूंतला साखरेचा साठा रिकामा करून मग भात-पाव-बटाटे भरपूर खाल्ले तर साठा नेहमीपेक्षा जास्त भरतो. हिलने ते 1969 च्या अथेन्सच्या युरोपियन मॅरेथॉनआधी करून पाहिलं. शेवटच्या टप्प्यात गॅस्टन रोलान्ट्सला गाठून तो जिंकला. म्हणजे विश्रांती ही दिवसांच्या संख्येत मोजायची नाही, भारात मोजायची.

आता त्या मुलाचं दोन मिनिटांचं उत्तर. आजवरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की शेवटचे साधारण दोन आठवडे अंतर चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करावं, पण वेग कमी करू नये, आणि पळायचे दिवसही फारसे कमी करू नयेत. आठवड्याला पन्नास किलोमीटर पळत असशील तर पंचवीस-तीस पळ, थोडं शर्यतीच्या वेगाने. शेवटची लांब धाव तीन आठवडे आधी उरकून घे. बूट नवे घेऊ नकोस. आदल्या आठवड्यात ऑफिसात जागरण करावं लागलं तर सकाळचं पळणं सोड, झोप सोडू नकोस.

तो हे सगळं मोबाइलवर टिपून घेत होता. मग मान वर करून म्हणाला, "सर, पण मधेच शंका आली तर? एकदा तीस काढून बघायचं नाही का?" मी त्याला माझा नंबर दिला आणि सांगितलं, शंका आली की आधी मला फोन कर, कितीही पहाट असली तरी. परवा साडेचारला आला होता.